वंशावळ शोधताना: सातारा-सांगलीकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वंशावळीबद्दल सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून, तसेच इथून मुंबई-पुण्यात आणि परराज्यांत गेलेल्या कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वंशावळ, कुर्सीनामा, पिढीनामा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत का?

नाहीत. तिन्हींचा अर्थ एकच: मूळ पुरुषापासून आजपर्यंत कोण कोणाचा. जुन्या महसुली आणि कोर्टाच्या कागदांत ‘कुर्सीनामा’ हा शब्द जास्त येतो, बोलण्यात ‘वंशावळ’ किंवा ‘पिढ्या’. फरक करायचा तो कामावरून करावा. वारस नोंदीसाठी किंवा जातीच्या दाखल्यासाठी दिलेली वंशावळ प्रतिज्ञापत्रावर असते आणि तिच्यात त्या कामापुरतीच शाखा दाखवतात. घरासाठीची वंशावळ सगळ्या शाखांची असते, लेकीसुनांसकट. पहिलीवरून दुसरी करायला गेलात तर अर्धी भावकी गळते, म्हणून दुसरी आधी करा. पहिली तिच्यातून केव्हाही काढता येते.

२. सुरुवात नेमकी कुठून करायची?

स्वतःपासून, आणि घरातल्या पत्र्याच्या पेटीपासून. थेट पुण्याच्या दप्तरखान्यात जायची घाई बहुतेकांना होते आणि तिथेच पहिला महिना वाया जातो, कारण काय शोधायचे तेच ठरलेले नसते.

आधी घरातले कागद बाहेर काढा: जुने सातबारे, खातेपुस्तिका, खरेदीखते, वाटणीपत्र, शाळेचे दाखले, लष्करातला माणूस असेल तर त्याचे डिस्चार्ज बुक, लग्नपत्रिका, तेराव्याच्या पत्रिका. मयताच्या पत्रिकेत खाली भावकीची नावे वडीलकीच्या क्रमाने छापलेली असतात. तो क्रम उगीच लावलेला नसतो, थोरली पाती कोण आणि धाकटी कोण ते त्यावरून कळते.

मग घरातल्या आणि भावकीतल्या सगळ्यात वयस्कर पाच-सहा जणांना भेटा. पंचाहत्तरीपुढच्या माणसाला स्वतःच्या आज्याच्या चुलत्यांपर्यंतची नावे येतात. म्हणजे एका बैठकीत चार पिढ्या हाती लागतात. फोनवर आवाज मुद्रित करा, परवानगी घेऊन. लिहून घेताना प्रत्येक माणसाच्या तीन नावांची वेगवेगळी नोंद ठेवा: कागदावरचे, हाकेचे, आणि गावाने पाडलेले. आपल्याकडे आबा, आण्णा, तात्या, बापू, नाना यांतच अर्धे गाव मावते. ‘बापूआण्णा’ कागदावर ‘ज्ञानू’ असतो आणि हे माहीत नसले की सातबारा हातात असूनही माणूस सापडत नाही.

कागद आणि आठवण दोन्ही हाताशी आले की मगच तलाठी कार्यालय.

३. म्हाताऱ्या माणसांना तारखा आठवत नाहीत. मग काळ कसा ठरवायचा?

तारीख विचारूच नका, प्रसंग विचारा. ‘तुमचे लग्न कधी झाले?’ याला उत्तर मिळत नाही. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला मुलगा झाला होता का?’ याला लगेच मिळते. ११ डिसेंबर १९६७ हा दिवस त्या पिढीच्या अंगात बसला आहे. १९७२ चा दुष्काळ, पत्री सरकारचा काळ (१९४२ ते ४६), गांधीवधानंतरची जळिते (१९४८), कृष्णेचे मोठे पूर, या सगळ्या खुणाच आहेत. त्याआधीच्या पिढीसाठी १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आणि १८९६ नंतरची प्लेगची वर्षे. ‘गाव बाहेर झोपड्यांत राहायला गेलं होतं तेव्हा आज्याचा जन्म’ असे कोणी सांगितले तर तो प्लेगचा काळ समजा. एका पिढीला २५ ते ३० वर्षे धरून ताळा करून पाहा.

४. सातबाऱ्यावरून किती मागे जाता येते?

सातबाऱ्यावरून फारसे नाही, फेरफारावरून पुष्कळ. सातबारा सांगतो आज कोण आहे. तो कसा आला ते फेरफार (गाव नमुना ६) सांगतो. सातबाऱ्यावर नावांशेजारी गोलातले किंवा कंसातले आकडे असतात, ते फेरफार क्रमांक. सगळ्यात जुना आकडा घ्या, तो फेरफार काढा, त्यात ज्याचे नाव कमी झाले त्याचे नाव कोणत्या फेरफाराने लागले ते पाहा, आणि असेच मागे जा. हक्कनोंदणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुरू झाली, तिथपर्यंत ही साखळी बहुतेक गावांत पोचते.

जुन्या वारस फेरफाराचा मजकूर साधारण असा असतो: ‘खातेदार राणू बिन बाळू हा मयत. वारस मुलगे १ धोंडी २ गणू अज्ञान, अ.पा.क. आई तानूबाई कोम राणू.’ या दीड ओळीत तीन पिढ्या आहेत. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, काही कागदांत ‘बिन’च्या जागी ‘वल्लद’ येते. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता: गणू लहान होता, म्हणून आईचे नाव लागले. ‘ए.कु.मॅ.’ दिसले तर एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव थोरल्या भावाचे एकट्याचे असते, पण मागे धाकटे भाऊ आहेत. इथे फार जण चुकतात आणि धाकट्यांच्या शाखाच नव्हत्या असे समजून पुढे जातात. पुढच्या वाटणीच्या फेरफारात ते भाऊ किंवा त्यांची मुले अचानक उगवतात.

दुसरी नेहमीची अडचण गट नंबरची. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगाव गट पडले आणि सर्व्हे नंबर बदलले. आजच्या गट नंबरवरून त्यामागचा फेरफार सापडत नाही, आधी जुना सर्व्हे नंबर लागतो. तो भूमी अभिलेख कार्यालयातल्या गटवारीच्या उताऱ्यावर मिळतो. लोक त्याला ‘नऊ तीन, नऊ चारचा उतारा’ म्हणतात, तसाच मागा. क-ड-ई पत्रक (जुन्या हक्कनोंदणीचे पत्रक) मिळाले तर तेही घ्या, त्यात जुनी नावे असतात.

५. आमच्याकडे कधी जमीनच नव्हती. मग आमची वंशावळ कशी सापडणार?

सापडते. वाट वेगळी आहे आणि जास्त चिकाटी लागते, पण जमीन नाही म्हणून माणूस कागदात नाही हे खरे नाही.

पहिला आधार कोतवाल बुक (प्रश्न ६). जन्म-मृत्यू सगळ्यांचे लिहिले जात. दुसरा शाळेचे जनरल रजिस्टर (प्रश्न ७). तिसरा कुळाच्या नोंदी. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे नाव इतर हक्कात किंवा पीकपाहणीत लागे, आणि १९४८ च्या कुळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर ‘३२ ग’ची (कुळाने जमीन विकत घेण्याची किंमत ठरवायची) जी प्रकरणे चालली त्यांत कुळाचे आणि त्याच्या वारसांचे जबाब आहेत. चौथा ग्रामपंचायतीचा नमुना ८, घरपट्टीचा. पाचवा वतनाचा. बलुतेदार आणि महार वतनदार कुटुंबांची नावे वतन रजिस्टरात पाळीसकट असत, आणि १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्यानंतर जमिनी परत देण्याची जी प्रकरणे झाली त्यांत वारसांच्या याद्या आहेत.

गावकुसाबाहेरच्या कुटुंबांच्या नोंदीत एक दुःखाची गोष्ट दिसते: जुन्या रजिस्टरात आडनाव नसते, नुसते नाव, बापाचे नाव आणि जात, आणि नावही तुच्छतेने लिहिलेले. त्याला घाबरून थांबू नका. लिहिणाऱ्याची ती नजर होती, माणसाची ओळख नव्हे. १९५६ नंतर अनेक कुटुंबांनी धर्म आणि आडनाव दोन्ही बदलले. त्यामुळे बदलाआधीचे आणि नंतरचे, दोन्ही उल्लेख असलेला एखादा सांधा (बहुतेकदा शाळेची नोंद) शोधावा लागतो. तो मिळाला की मागची वाट मोकळी होते.

६. कोतवाल बुक म्हणजे काय आणि ते कुठे मिळते?

गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. पूर्वी तिला गाव नमुना १४ म्हणत आणि जाणकार आजही तसेच म्हणतात. पण आजच्या महसुली पद्धतीत नमुना १४ पाणीपुरवठ्याच्या साधनांचा आहे. म्हणून अर्जात नुसते ‘नमुना १४’ लिहू नका, ‘जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही (कोतवाल बुक)’ असे लिहा आणि गाव व सालाची मुदत द्या.

ती बहुतेक तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते. १९व्या शतकाच्या शेवटच्या दशकांपासूनची पुस्तके अनेक गावांची आहेत, सगळ्या गावांची सगळी वर्षे नाहीत. नोंद मोडीत. रकाने साधारण असे: अनुक्रमांक, तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी; मृत्यूच्या बाजूला नाव, वय, कारण. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव नसते, कारण बारशाआधीच नोंद झालेली असे. ‘बाळू बिन राणू, मुलगा १’ एवढेच. म्हणून एका नोंदीवर निकाल लावू नका. त्याच बापाच्या पुढच्या दहा वर्षांतल्या सगळ्या नोंदी उतरवून घ्या, भावंडांचा क्रम लावा आणि घरच्या माहितीशी ताडून पाहा. मृत्यूचे कारण ‘ताप’, ‘पटकी’, ‘देवी’, ‘प्लेग’ असे एका शब्दात असते. एकाच घरातले तीन मृत्यू एका आठवड्यात दिसले की पुढची एक शाखा का खुंटली ते उलगडते.

माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा तर शुल्क १० रुपये, प्रतीचे पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अनुभव असा की ‘सर्व नोंदी द्याव्यात’ या अर्जाला नकार येतो. ‘अमुक गाव, १८९० ते १९००, पाहणीसाठी उपलब्ध करावे’ याला सहसा येत नाही.

७. शाळेच्या दाखल्यातली जन्मतारीख खरी धरावी का?

तारीख नाही, नाव-गाव-जात धरावी. जुन्या पिढीत अर्ध्या शाळेचा जन्म १ जूनचा. मास्तरांनी प्रवेशाच्या दिवशी वय अंदाजे धरून लिहिलेली ती तारीख. शाळा सोडल्याच्या दाखल्यापेक्षा जनरल रजिस्टरचा उतारा (प्रवेश-निर्गम उतारा) मागा. दाखला नंतर उतरवलेला असतो आणि उतरवताना आडनाव ‘सुधारलेले’ असू शकते.

८. मोडी येत नाही. वाचकाकडे काय द्यायचे, आणि चुका कुठे होतात?

सरकारी मोडी लिप्यंतरकार जिल्हा पातळीवर मिळतात. पुरालेख विभागाच्या मोडी प्रशिक्षणातून तयार झालेलेही पुष्कळ आहेत. सरकारी कामासाठी लिप्यंतर अधिकृत वाचकाचेच लागते, घरच्यासाठी कोणाचेही चालते. फोटो देताना पूर्ण पान द्या, नुसती तुमची ओळ नको, कारण लेखकाचे वळण कळायला वरच्या-खालच्या ओळी लागतात.

मोडीत शिरोरेषा आधी ओढतात आणि शब्द सलग लिहितात, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यामुळे नाव कुठे संपले आणि बापाचे नाव कुठे सुरू झाले इथेच घोटाळा होतो. ‘बाळू’ की ‘काळू’, ‘रामा’ की ‘राणू’ अशी शंका आली तर वाचकाला दोन्ही पर्याय लिहायला सांगा. तुमच्या घरातले नाव आधी सांगू नका. सांगितले की डोळ्याला तेच दिसू लागते.

९. कागदावर शके, फसली, ‘सन सलास मयातैन’ असे काही आहे. इसवी सन कसे काढायचे?

शकात ७८ मिळवा (पौष-माघ-फाल्गुनातल्या जानेवारीनंतरच्या तारखांना ७९). फसलीत, आपल्याकडच्या दख्खनी फसलीत, ५९०: फसली १२७७ म्हणजे १८६७-६८. अरबी सन शब्दांत लिहितात आणि एककापासून वाचतात. सलास म्हणजे तीन, मयातैन दोनशे, अलफ हजार. ‘सलास मयातैन व अलफ’ म्हणजे १२०३. त्यात ५९९ मिळवले की १८०२, आणि वर्ष मृगापासून सुरू होत असल्याने १८०२-०३. एककांची नावे पाठच करा: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिस्सा.

१०. आमचे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. जुने कागद साताऱ्यात असतील का?

गाव कोणते त्यावर आहे, आणि हा प्रश्न सोडवल्याशिवाय एकही अर्ज करू नका. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून झाला. सांगली हे नाव २१ नोव्हेंबर १९६० पासूनचे. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हा मुलूख त्याआधी साताऱ्याचा. म्हणून इकडच्या १९४९ पूर्वीच्या कागदांच्या शिरोभागी ‘जिल्हा सातारा’ असते, आणि काही दप्तर खरोखर साताऱ्यातच राहिले आहे.

उरलेले संस्थानी. सांगली आणि मिरज पटवर्धनांची, जत डफळ्यांचे. आटपाडी आणि कुंडल आज सांगलीत, पण होते औंध संस्थानात. फलटण आज साताऱ्यात, होते नाईक-निंबाळकरांचे. सांगली संस्थान तर एकसलग नव्हतेच: मंगळवेढे, तेरदाळ, शिरहट्टी, शहापूर असे तुकडे पसरले होते. त्यामुळे ‘आमचे पूर्वज मंगळवेढ्याहून सांगलीत आले’ ही आठवण अनेक कुटुंबांत आहे. तो एकाच संस्थानातला प्रवास होता. १९४८ पूर्वीच्या संस्थानी नोंदींचे नमुने आणि रकाने ब्रिटिश हद्दीतल्यापेक्षा वेगळे पडतात, हे ध्यानात ठेवून वाचा.

११. १८५० च्या आधी जाता येते का?

वतन किंवा इनाम असेल तर जाता येते. छत्रपतींचे सातारा राज्य १८४८ मध्ये खालसा झाले आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले. आपले इनाम खरे आहे हे दाखवण्यासाठी इनामदार-वतनदारांनी कैफियती (लेखी जबाब) दिल्या, सोबत वंशावळी जोडल्या. त्या पुण्याच्या पुरालेखागारात, पेशवे दप्तराच्या इमारतीत आहेत. तिथे गाव, तर्फ, परगणा आणि वतनाचा प्रकार सांगावा लागतो. नुसत्या आडनावावर रुमाल (कागदांचा गठ्ठा) मिळत नाही. पाटीलकीच्या भांडणांचे महजर (गोतसभेचे लेखी निर्णय) आणि निवाडे त्याहूनही जुने असतात.

पण सावध राहा. कैफियतीतली वंशावळ दाव्यासाठी लिहिलेली आहे. भांडणाऱ्या भावाची शाखा तिच्यात गाळलेली किंवा ‘लेकावळा’ (अनौरस) म्हणून बाजूला काढलेली असू शकते. विरुद्ध बाजूची कैफियतही वाचल्याशिवाय ती उतरवू नका.

१२. हेळवी सांगतात ते खरे मानावे का?

हेळवी हे सांगली, कोल्हापूर, साताऱ्याचा दक्षिण भाग आणि कर्नाटकात पिढीजात वंशावळी राखणारे लोक. सुगीनंतर बैलावर बसून, घंटा वाजवत येतात, घराचे कुळ, मूळ गाव, पूर्वज म्हणून दाखवतात आणि नवी नावे घालून घेतात. गावे आणि घरे त्यांच्यात वाटलेली असतात, म्हणून तुमच्या घरचा हेळवी ठरलेला असतो. घरात बोली कानडी, पण तुमच्या पिढ्या मराठीत म्हणतात.

अलीकडच्या पाच-सहा पिढ्या त्यांच्या वहीत बहुधा चोख असतात, कारण त्या प्रत्येक फेरीत लिहिल्या गेल्या. त्यापलीकडचा भाग, राजघराण्याशी किंवा देवाशी जोडणारा, हा स्तुतीचा भाग आहे. तो त्यांच्या शब्दांत वेगळा लिहून ठेवा, वंशवृक्षात घालू नका. सगळ्यात मोलाची माहिती तिसरीच असते: ‘तुमचे भाऊबंद अमक्या गावी आहेत.’ गाव सोडून गेलेल्या शाखेचा पत्ता देणारे दुसरे कोणी नाही. त्यांना धान्य-कापड-पैसे मानाने द्या. वहीचा फोटो मात्र विचारून काढा. ती वही त्यांची पोटाची जमीन आहे.

१३. काशी, त्र्यंबकेश्वर, नाशिक इथल्या उपाध्यांच्या वह्यांचे काय?

फार भरवशाच्या, कारण मजकूर तुमच्याच पूर्वजाने सांगितलेला आणि पुष्कळदा त्याच्याच हातचा असतो. तीर्थोपाध्याय गावावरून आणि जातीवरून ठरलेला असतो. जाताना आजचे नव्हे, मूळ गावाचे नाव आणि जुना तालुका-प्रांत सांगा. आत आई, बायको, सुना यांची नावेही असतात, जी इतर कागदांत क्वचित मिळतात (प्रश्न १६). पंढरपूर, तुळजापूर, जेजुरीतही पुजाऱ्यांकडे नोंदी असतात, प्रमाण कमी-जास्त.

१४. आमचे आडनाव पाटील आहे. खरे कुळ कसे कळणार? आणि एक आडनाव म्हणजे एक भावकी का?

पाटील, कुलकर्णी, देशमुख, देसाई, चौगुले ही पदे. जुन्या फेरफारात ‘जाधव पाटील’, ‘मोहिते पाटील’ अशी जोडी दिसते, नंतर कोणीतरी मागचे सोडले. सगळ्यात जुनी नोंद काढली की कुळ बहुधा सापडते. ‘कर’वाली आडनावे उलट वागतात: गाव सोडल्यावर लागतात. त्यामुळे मागच्या गावात त्या आडनावाचे कोणीच नसते, आणि शोधणारा गोंधळतो.

एक आडनाव म्हणजे एक भावकी, हे मात्र नाही. एकाच गावात एका आडनावाच्या दोन भावक्या असतात, आणि दोन आडनावांची एक भावकीही असते. खरी खूण सुतकात आहे. कोणाचे दहा दिवस पाळता, कोणाचे तीन, आणि कोणाकडे नुसते दुखवट्याला जाता, हे घरातल्या बाईला विचारा. दहा दिवसांचे घर ते जवळच्या पिढ्यांतले, तीनवाले त्यापलीकडचे. कागद नसलेल्या गावातही ही मोजणी आजवर टिकून आहे, आणि ती फेरफाराशी आश्चर्य वाटावे इतकी जुळते.

१५. कुलदैवतावरून मूळ गाव ओळखता येते का?

दिशा कळते, गाव कळेलच असे नाही. जेजुरी, तुळजापूर, जोतिबा सगळ्यांचेच. त्यावरून काही ठरत नाही. लहान ठाणे असेल तर उपयोग होतो: म्हसवड किंवा खरसुंडीचा सिद्धनाथ, पालीचा खंडोबा, औंधची यमाई, आरेवाडीचा बिरोबा, रेणावीचा रेवणसिद्ध. दूर राहणारे कुटुंब अशा ठाण्याला वर्षाआड येत असेल, तर त्या टापूतून ते उठले असावे असा तर्क करावा. देवक त्याच्या जोडीला घ्या. आणि गावच्या यात्रेत तुमच्या घराकडे कोणता मान आहे ते विचारा: पालखीला खांदा, सासनकाठी, पहिला नैवेद्य. नंतर आलेल्या कुटुंबाला जुना मान सहसा नसतो.

१६. वंशावळीत बायकांची नावेच नाहीत. कशी शोधायची?

लिहिणाऱ्यांनी ती लिहिली नाहीत, पण नावे होती. आणि ही उणीव आज भरून काढता येते, उद्या येणार नाही, कारण ती नावे ज्यांना ठाऊक आहेत त्या आज ऐंशीच्या घरात आहेत.

वारस फेरफारात विधवा ‘कोम’ म्हणून येते. हक्कसोडीच्या फेरफारात बहिणींची नावे येतात, सासरच्या गावासकट. भावाला हक्क सोडून दिला तेव्हाच बहीण कागदावर आली, हे वाचताना जीव हळहळतो, पण नोंद म्हणून ती पक्की आहे. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर मुलींची नावे वाढतात, २००५ च्या दुरुस्तीनंतर नियमाने येतात.

लग्नात नाव बदलत असल्याने प्रत्येकीचे माहेरचे नाव, सासरचे नाव, माहेरचे गाव आणि माहेरचे आडनाव असे चार रकाने करा. मग तिच्या भावाकडे जा. मामाच्या घरात ती अजून माहेरच्या नावाने आहे. जात्यावरच्या ओव्या येणारी कोणी असेल तर ऐका: भाऊ, भाचे, माहेरचा वाडा, नदीकाठचे गाव अशी नावे त्यांत गुंफलेली असतात.

१७. दत्तक, घरजावई, दोन बायका, पाट: हे कसे दाखवायचे?

जसे झाले तसे. दत्तकाला दोन्हीकडे दाखवा: जन्मघरी तुटक रेघेने, दत्तकघरी सरळ रेघेने. घरजावयाच्या मुलांना आईच्या वाटेने लिहा. नाहीतर दोन पिढ्यांनी आडनाव का बदलले ते कोणालाच कळत नाही. थोरली आणि धाकटी यांची मुले वेगळी लिहा, पुढच्या वाटण्या त्यावरच झालेल्या असतात. पाटाने आलेल्या बाईची आधीच्या घरची मुले असतील तर तीही लिहा. ‘घराण्याला बरे दिसत नाही’ म्हणून गाळलेले नाव म्हणजे कोणाची तरी आजी.

१८. धरणात गाव गेले. आता आमचे ‘गाव’ कोणते?

कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, वारणा: या धरणांच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरली. त्यांच्यासाठी वंशावळ हाच गावाचा नकाशा आहे. पुनर्वसनाच्या याद्यांत खातेदार, कुटुंबसंख्या आणि कुठे जमीन दिली ते असते. त्या जिल्हा पुनर्वसन कार्यालयात मागा. बुडालेल्या गावाचे फेरफार मूळ तालुक्याच्या अभिलेखात शोधा. ग्रामदैवत कोणत्या वसाहतीत हलवले ते शोधले की भावकीचा मोठा गट सापडतो, कारण देव जिकडे गेला तिकडे यात्रा भरते आणि यात्रेला सगळे येतात. वंशावळीत प्रत्येक शाखेपुढे जुनी वाडी आणि नवी वसाहत, दोन्ही लिहा.

विट्याकडून गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्याला देशभर गेलेल्या आणि पाटण-जावळीकडून मुंबईला गेलेल्या घरांनाही हीच दोन रकान्यांची पद्धत सोयीची पडते.

१९. सातारा गॅझेटिअरमध्ये आमचे नाव असेल का? जातीच्या दाखल्याला वंशावळ कशी लागते?

१८८५ च्या सातारा गॅझेटिअरमध्ये समाजांची वर्णने आणि लोकसंख्या आहे, घराघरांची नावे नाहीत. व्यक्तीच्या पुराव्याला कुटुंबाची नोंद लागते (प्रश्न ४, ६, ७), आणि त्या नोंदीतल्या माणसापासून तुमच्यापर्यंत वडिलांच्या बाजूची अखंड साखळी. मानीव दिनांकापूर्वीचा (त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेआधीचा) पुरावा हवा: अनुसूचित जाती १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमाती ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमाती २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग १३ ऑक्टोबर १९६७. साखळीतला एक दुवा जरी नुसत्या तोंडी सांगण्यावर असला तरी प्रकरण अडते. नाव जुळते म्हणून शेजारच्या भावकीची नोंद जोडू नका. आज्याचे नाव नातवाला ठेवायची रीत असल्याने एकाच गावात दोन ‘राणू बिन बाळू’ सहज निघतात, आणि खोटे प्रतिज्ञापत्र सबंध घराला भोवते.

२०. भावकीतले लोक माहितीच देत नाहीत. जमिनीसाठी विचारतोय असे त्यांना वाटते.

वाटणारच. आपल्याकडे वंशावळ आजवर वाटणीच्या दाव्यातच मागितली गेली. पहिल्या भेटीत गट नंबर विचारू नका, सातबारा मागू नका. आधी तुम्ही जमवलेले त्यांना दाखवा, त्यांच्या शाखेची जागा रिकामी ठेवून. रिकामी जागा पाहिली की माणूस स्वतःहून नावे भरतो. बैठक घरी नको, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या पारावर घ्या, तेव्हा परगावचेही असतात. दावा चालू असेल त्या दोन घरांना वेगवेगळे भेटा आणि एकाचे दुसऱ्याला सांगू नका.

२१. तोंडी सांगतात एक, कागद सांगतो दुसरे. काय लिहायचे?

दोन्ही, आधारासकट. कागदही चुकतो: तलाठ्याने ऐकून लिहिलेले, नक्कल करताना उडालेले. आठवण एका विशिष्ट जागी चुकते: मधली एक पिढी गिळते, कारण आज्याचे आणि नातवाचे नाव एकच असते. साखळीत बाप-लेकांत पन्नास वर्षांचे अंतर दिसले तर तिथे एक माणूस हरवला आहे असे समजून शोधा. सापडला नाही तर जागा मोकळी सोडा. तिथे तर्काने नाव घातले की पुढची पिढी ते खरे म्हणून पाठ करते.

२२. डीएनए चाचणी करून भावकी कळेल का?

दोन पुरुष एकाच पितृवंशाचे आहेत का याचा अंदाज येतो. नाव, गाव, कुळ, जात यांतले काहीही त्यातून निघत नाही, आणि कोणतीही समिती तो पुरावा धरत नाही. शिवाय निकाल एकट्याचा नसतो, तो सगळ्या भावंडांना लागू होतो. त्यांना विचारल्याशिवाय करू नका.

२३. वंशावळ कळल्याने ओळखीत फरक काय पडतो? मुले विचारतात.

मुलांना पराक्रमी पूर्वज दाखवायची घाई करू नका. बहुतेक घरांत कुणबी, बलुतेदार, शिपाई, मजूर, गिरणी कामगार निघतात, आणि त्यांच्यामुळेच आपण आहोत. फरक असा पडतो: यात्रेत ज्याला ‘कोणीतरी पाहुणा’ समजत होतो तो चौथ्या पिढीतला चुलत भाऊ निघतो, आणि मग त्याच्या घरच्या मयताला जावेसे वाटते. भावकी कागदाने होत नाही. जाण्या-येण्याने, वर्गणीने, सुतकाने होते. कागद फक्त कोणाच्या दारात जायचे ते सांगतो. उलटही घडते, आणि तेही मुलांना सांगावे: आपण ‘मूळचे इथले’ म्हणून मिरवत होतो, आणि पाच पिढ्यांमागे आपलाच पूर्वज गावात उपरा म्हणून आला होता असे निघते. गावाने त्याला जागा दिली. आज गावात भाड्याने राहणाऱ्या परगावच्या कुटुंबाकडे पाहण्याची नजर त्याने बदलते.

२४. सगळे जमले. आता लिहून कसे ठेवायचे?

प्रत्येकाला क्रमांक द्या. मूळ पुरुष १. त्याची मुले १.१ आणि १.२; यातल्या १.२ ची मुले १.२.१, १.२.२. मुलींनाही याच क्रमात धरा. क्रमांकामुळे एकाच नावाचे तीन जण वेगळे राहतात आणि नवा भाऊ सापडला तर शेवटी जोडता येतो. प्रत्येक नावापुढे आधार लिहा: ‘फेरफार ३१२’, ‘कोतवाल बुक १८९४’, ‘अमक्या आजींनी सांगितले, २०२४’.

जुने कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, दोन्हींनी शाई आणि कागद खराब होतात. पुरात भिजलेला कागद उन्हात टाकू नका, सावलीत टिपकागदाच्या घड्यांत वाळवा आणि कागद बदलत राहा. फोटो खिडकीच्या उजेडात, वरून सरळ, फ्लॅशशिवाय. तीन प्रती तीन घरांत ठेवा, त्यांतली एक नदीकाठापासून लांबच्या घरात. भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायच्या प्रतीतून हयात माणसांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक आणि गट नंबर काढून टाका. छापील तक्ता देवळात लावणार असाल तर त्याआधी महिनाभर कच्ची प्रत पारावर ठेवा, पेन्सिल बांधून. चुका त्याच महिन्यात निघतात.